वर्गात जग आलं, पण माझं तोंड उघडेना

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून त्याचा सारांश देते.

‘ताई, आमच्या विद्यापीठात इंग्रजीसाठी दोन पर्याय होते. एकात व्याकरण, संभाषण आणि मुलाखतीची तयारी. दुसऱ्यात व्याकरणाचं पुस्तकच नाही. स्थलांतर, हवामानबदल, मानवी हक्क असे विषय इंग्रजीतून शिकायचे आणि ते शिकता शिकता इंग्रजी सुधारायचं. माहितीपत्रकात “आंतरराष्ट्रीय दृष्टी मिळेल” असं लिहिलं होतं, म्हणून मी दुसरा घेतला. माझं बारावीपर्यंतचं शिक्षण मातृभाषेतून झालंय. आता एक सेमिस्टर संपलं. वाचायचा वेग वाढला, ऐकलेलं बरंच कळतं, पण बोलता अजून येत नाही. वर्गातली पाच-सहा मुलंच सगळी चर्चा करतात. त्यांतली काही परदेशी राहून आलेली आहेत. त्यांचं ऐकताना मला माझं घर, माझी भाषा, माझी माणसं सगळंच लहान वाटायला लागलंय.

एक प्रसंग सांगते. स्थलांतरित कामगारांवरचा उतारा होता. माझे बाबा अकरा वर्षं दुसऱ्या देशात बांधकामावर कामाला होते. चर्चेत एक मुलगा म्हणाला, या लोकांपुढे पर्यायच नसतो, त्यांना स्वतःचे हक्कसुद्धा माहीत नसतात. सर म्हणाले, गुड पॉइंट. मला खूप काही सांगायचं होतं. पण मनात वाक्य जुळेपर्यंत विषय पुढे गेला होता. त्या रात्री मी खूप रडले.

पुढच्या सेमिस्टरला कोर्स बदलता येतो. ठरवायला पंधरा दिवस आहेत. मैत्रीण म्हणते, आधी इंग्रजी पक्कं कर, मग जगाचं बघ. सर म्हणतात, तुझी दृष्टी रुंदावते आहे, फक्त ते तुला जाणवत नाही. मला वाटतं, ती दृष्टी माझ्यात येणारच नाही. मला तर परदेशात जायचंही नाही. मग या कोर्सचा मला काय उपयोग?’

तुझ्या पत्रात प्रश्न शेवटी आहे, पण जीव आहे तो बाबांबद्दलच्या त्या मधल्या ओळींत. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

त्या तासाला नेमकं काय घडलं ते पुन्हा एकदा शांतपणे बघू. एका मुलाने एक विधान केलं. ते त्याने वाचनातून उचललं होतं. त्याच विषयाचं तुझं ज्ञान घरातलं होतं, तेही अकरा वर्षांचं. करारपत्र कोणत्या भाषेत होतं, पहिला पगार हातात कधी पडला, सुट्टी कोण मंजूर करायचं, बाबा परत आल्यावर तुम्हाला एकमेकांची सवय व्हायला किती दिवस लागले, यातलं काही ना काही तुला नक्की ठाऊक असणार. स्थलांतर हा विषय शिकायला बसलेल्या वर्गाला या माहितीची गरज होती आणि ती तुझ्या ओठांपर्यंत येऊन थांबली. इंग्रजी सुचलं नाही म्हणून आपण रडलो, असं तुला वाटतंय. मला वाटतं, बाबांबद्दल कुणीतरी चुकीचं बोललं आणि तुला त्यांची बाजू मांडता आली नाही, म्हणून तू रडलीस. हे दोन वेगळे सल आहेत, त्यांवरचे उपायही वेगळे. पहिल्याला भाषेचा सराव लागतो. दुसऱ्यासाठी आपल्याजवळ सांगण्यासारखं काही आहे, हे आधी स्वतःला मान्य करावं लागतं.

आता ‘आंतरराष्ट्रीय दृष्टी’ या शब्दाकडे येते. माहितीपत्रकात तो छापतात, पण त्याचा अर्थ कुणी समजावून सांगत नाही. मग विद्यार्थी आपापला अर्थ लावतात आणि बहुतेकांचा अर्थ एकच निघतो: परदेशी जायची ओढ, तिथल्यासारखे उच्चार आणि चारचौघांत जगाबद्दल सफाईने बोलता येणं. तूही नकळत तोच अर्थ धरलास आणि त्या मापाने स्वतःला नापास केलंस.

तोमोको याशिमा या जपानी संशोधिकेने २००२ मध्ये विद्यापीठात इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. परभाषा शिकणाऱ्याला ती भाषा बोलणाऱ्या लोकांत मिसळायची ओढ असली की शिकणं सोपं जातं, असा विचार त्याआधी कॅनडातल्या गार्डनर आणि लँबर्ट यांनी मांडला होता. पण जपानात राहून इंग्रजी शिकणाऱ्या मुलाने मिसळायचं ते कोणत्या लोकांत? इंग्रजी आता कुणा एका समाजाची राहिलेली नाही. म्हणून याशिमांनी ‘इंटरनॅशनल पोश्चर’ अशी वेगळी कल्पना मांडली. तिच्यात चार धागे आहेत. जगात काय चाललं आहे याचं कुतूहल हा एक. परदेशी राहायची किंवा काम करायची तयारी हा दुसरा. वेगळ्या संस्कृतीतल्या माणसाशी बोलायची तयारी हा तिसरा. आणि आपल्याच मोजपट्टीने सगळ्या जगाला न मोजण्याचा मोकळेपणा हा चौथा.

या चारांतला फक्त दुसरा धागा तुझ्यात नाही, हे तूच लिहिलं आहेस. बाकीचे आहेत की नाहीत ते तुझ्या पत्रातच बघ. दोन पर्यायांतून तू अवघड वाटणारा निवडलास, तो कुतूहलापोटीच. एका वाक्यावर रात्रभर अस्वस्थ राहिलीस, कारण आपल्याला ठाऊक नसलेल्या माणसांबद्दल सरसकट बोलू नये हे तुला आतून पटलेलं आहे. चौथा धागा याहून वेगळा काय असतो? परदेशी जायची इच्छा नसणं यात काही कमी नाही. जगाशी संबंध ठेवायला जागा बदलावीच लागते असं नाही, आणि तुमच्या घराने तर एकदा ती बदललेलीही आहे.

‘सगळंच लहान वाटायला लागलंय’ हे तुझं वाक्य मात्र मी सहज सोडून देणार नाही, कारण त्याने माणूस आतून खचतो. मिल्टन बेनेट या अमेरिकी अभ्यासकाने १९८६ मध्ये परक्या संस्कृतीकडे बघण्याच्या सहा पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर वेगळेपणा दिसतच नाही. दुसऱ्या पायरीवर तो दिसतो, पण ‘आम्ही’ आणि ‘ते’ अशी वाटणी होते आणि त्यांतला एक पक्ष श्रेष्ठ ठरतो. बहुतेकदा तो आपला असतो. पण याच पायरीची उलटी बाजूही बेनेट यांनी नोंदवली आहे. तिथे दुसऱ्यांचं सगळं थोर वाटतं आणि आपलं सगळं खुजं. वरवर ही उदारता वाटते, पण वाटणी तीच राहते, फक्त पारडं फिरतं. तू आत्ता तिथे उभी आहेस. हे वाचून घाबरू नकोस. त्या पायरीवर येण्यासाठी पहिली ओलांडावी लागते आणि ती तू ओलांडली आहेस. तुझ्या वर्गात न अडखळता बोलणाऱ्यांपैकी काही जण कदाचित अजून पहिल्याच पायरीवर असतील. अस्खलित बोलणं आणि मोकळी नजर या दोन गोष्टी जोडीनेच वाढतात असं समजायचं कारण नाही.

मैत्रिणीचा सल्ला ‘आधी इंग्रजी पक्कं कर’ असा आहे. ऐकायला तो पटतो, पण यातलं ‘आधी’ कधीच संपत नाही. व्याकरण पक्कं झालं असं कुणाला कधी वाटतं? परभाषा वापरण्यातूनच पक्की होते, या विचाराला बराच जुना आधार आहे. कॅनडात, क्यूबेकमधल्या सेंट लँबर्ट गावात १९६५ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी आग्रह धरून आपल्या लहान मुलांचा बालवर्ग फ्रेंचमधून सुरू करून घेतला. मुलं फ्रेंच शिकली आणि पुढच्या वर्गांत गणितासारख्या विषयांतही मागे पडली नाहीत. विषयातून भाषा शिकवणाऱ्या आजच्या अनेक कोर्सेसची पाळंमुळं तिथपर्यंत जातात.

पण याच कहाणीचा पुढचा भाग तुझ्या बाजूने आहे. अशा वर्गांतली मुलं वाचन आणि ऐकणं उत्तम करतात, मात्र त्यांच्या बोलण्या-लिहिण्यात वर्षानुवर्षं चुका टिकून राहतात, असं लक्षात आलं. कॅनडातल्याच भाषा-संशोधिका मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये त्याचं कारण मांडलं. नुसतं समजून घेऊन भाषा तयार होत नाही. स्वतः वाक्य बनवायला भाग पडलं की मगच आपल्याला काय येत नाही ते कळतं. ऐकताना अर्थ अंदाजाने लागतो, व्याकरणावाचूनही काम भागतं. बोलताना भागत नाही. म्हणजे ‘वाचन वाढलं, बोलणं नाही’ ही तुझी तक्रार तंतोतंत खरी आहे आणि ती कोर्सच्या आखणीतल्या उणिवेकडे बोट दाखवते. सरांनी ‘तुला जाणवत नाही’ म्हणून ती बाजूला सारायला नको होती. मी स्वतः असे वर्ग बरीच वर्षं घेतले आहेत. चार-पाच मुलं बोलायला लागली की तास रंगल्यासारखा वाटतो आणि गप्प बसलेली तीस मुलं समजून घेत आहेत असं आपण धरून चालतो. गप्प बसलेल्यांना बोलायची जागा करून देणं हे शिक्षकाचं काम आहे, हे मला उशिरा उमगलं.

मग व्याकरणाच्या वर्गात जावं का? ठरवण्याआधी एक गोष्ट दाखवते. विषयावरच्या वर्गात भाषा आणि जग एकमेकांत कसे गुंतलेले असतात ते त्यातून कळेल.

मानवी हक्कांचा जाहीरनामा तुमच्या कोर्समध्ये आला असेलच. संयुक्त राष्ट्रांनी तो १० डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारला. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात ‘ऑल मेन’ असे शब्द होते. मानवी हक्क आयोगावरच्या भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी त्याला हरकत घेतली. ‘मेन’ म्हणजे सगळी माणसं असं कितीही समजावलं, तरी हा शब्द वापरून स्त्रियांना वगळणारे देश निघतील, असं त्यांचं म्हणणं होतं. आज तिथे ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ आहे. इंग्रजी ही हंसाबेनची मातृभाषा नव्हती. तरी इंग्रजी मजकुरातली फट त्यांना दिसली, कारण ती फट कुणाच्या अंगावर येणार हे त्यांना ठाऊक होतं.

आता त्याच जाहीरनाम्याचं १३वं आणि १४वं कलम तुझ्या विषयासाठी वाच. कुणालाही कोणताही देश सोडण्याचा हक्क आहे, स्वतःचा देशसुद्धा, आणि स्वतःच्या देशात परतण्याचाही. दुसऱ्या देशात प्रवेश मिळण्याचा हक्क मात्र तिथे लिहिलेला नाही. दार आतून उघडतं, समोरचं उघडेल याची हमी नाही. पुढच्या कलमात छळापासून वाचण्यासाठी आश्रय ‘टू सीक अँड टू एन्जॉय’, म्हणजे मागण्याचा आणि उपभोगण्याचा हक्क आहे. मसुद्यात आश्रय ‘दिला जाण्याचा’ हक्क अशा अर्थाचे शब्द होते, ते बदलले गेले. एक क्रियापद बदललं आणि देशांवरची जबाबदारी हलकी झाली. पॅसिव्ह व्हॉइस कशासाठी शिकायचा हे यापेक्षा चांगलं कोणता स्वाध्याय शिकवेल?

‘शॅल’ आणि ‘शुड’चंही तसंच. २०१५ च्या डिसेंबरमध्ये पॅरिस हवामान करार शेवटच्या बैठकीत खोळंबला तो याच दोन शब्दांवरून. विकसित देशांनी उत्सर्जन कमी करण्यात पुढाकार घ्यावा, या चौथ्या कलमातल्या वाक्यात ‘शॅल’ पडला होता. ‘शॅल’ म्हणजे कायदेशीर बंधन. अमेरिकेने हरकत घेतली, तिथे ‘शुड’ आला आणि मग करार मंजूर झाला. आणखी एक उदाहरण देते, कारण ते आपल्याला मराठीतून विचार करणाऱ्यांना विशेष भिडतं. आपल्याकडे आर्टिकल नाही. ‘द’ कुठे लावायचा यावर आपण शाळेपासून अडखळतो आणि त्याने काय फरक पडतो असं मनात म्हणतो. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २४२ क्रमांकाचा ठराव केला. इस्रायलने युद्धात ‘व्यापलेल्या प्रदेशांतून’ सैन्य मागे घ्यावं असं त्यात आहे. इंग्रजी मजकुरात ‘टेरिटरीज’च्या आधी ‘द’ नाही. फ्रेंच मजकुराची रचना मात्र ‘त्या सगळ्या प्रदेशांतून’ असाही अर्थ देते. काही प्रदेशांतून की सगळ्या, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

हे सगळं लिहायचं कारण असं की तुझ्यासमोर ‘व्याकरण की जग’ अशी निवड ठेवली गेली आहे, आणि ती निवड मुळातच खोटी आहे. चांगल्या विषयाधारित वर्गात व्याकरण असतं, असायलाच हवं. फरक इतकाच की तिथे ते कारणासकट येतं. मजकुरातली भाषा अशी उलगडून दाखवली की विद्यार्थ्याच्या लक्षात येतं: जग म्हणजे दूर कुठेतरी घडणारी बातमी नव्हे. कुणीतरी बसून शब्द निवडले, कुणीतरी हरकत घेतली, आणि ती हरकत कुणीही घेऊ शकतं. माझ्या मते अशा कोर्समधून नजर घडते ती इथे. हवामानबदलाचे दहा उतारे नुसते वाचून, प्रश्नांची उत्तरं लिहून ती घडत नाही. विषय आंतरराष्ट्रीय असला म्हणजे वाचणाऱ्याची दृष्टी आंतरराष्ट्रीय होते, हा समज अभ्यासक्रम आखणाऱ्यांचाही असतो आणि तो तपासून बघायला हवा.

तेव्हा कोर्स बदलायचा की नाही हे कोर्सच्या नावावरून ठरवू नकोस, त्यात काय होतं यावरून ठरव. असे कोर्स साधारण तीन प्रकारचे असतात. एकात भाषेचा शिक्षकच एखादा विषय घेऊन इंग्रजी शिकवतो. दुसऱ्यात विषयाचा शिक्षक परभाषिक विद्यार्थ्यांना झेपेल अशा बेताने विषय शिकवतो. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठात मानसशास्त्र असं शिकवलं गेलं आहे. तिसऱ्यात विषयाच्या वर्गाला भाषेचा एक जोडवर्ग असतो आणि दोन्ही शिक्षक मिळून आखणी करतात. तुझा कोर्स पहिल्या प्रकारचा दिसतो. म्हणजे भाषेकडे लक्ष देणं हे सरांचं कामच आहे आणि तू ते हक्काने मागू शकतेस.

दोन गोष्टी या आठवड्यात तपासून बघ. तुमच्या वाचनातल्या एखाद्या उताऱ्यातले सलग शंभर शब्द घे आणि त्यांतले न कळणारे मोज. दोनपर्यंत असतील तर तो उतारा तू आधाराशिवाय वाचू शकतेस. पाचाच्या आसपास असतील तर शब्दकोश आणि थोडी मदत लागेल. दहा-बारा असतील तर तो तुझ्यासाठी आज फार वरचा आहे, त्यात तुझा दोष नाही. शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असले की मजकूर आपला आपल्याला समजतो, असं हू आणि नेशन या भाषा-संशोधकांच्या २००० सालच्या अभ्यासात दिसलं होतं, त्यावरून मी हे माप धरते. दुसरी गोष्ट अशी की गेल्या सेमिस्टरच्या तुझ्या असाइनमेंट काढून बघ. त्यांवर भाषेबद्दल कुणी काही लिहिलं आहे का? की नुसते गुण आहेत? उतारे फार वरचे असतील, भाषेवर कुणी बोट ठेवत नसेल आणि विचारूनही ठेवायची तयारी नसेल, तर खुशाल कोर्स बदल. त्यात हार नाही. व्याकरणाच्या वर्गातही जगाबद्दल वाचायला कुणी अडवत नाही. पण उतारे आवाक्यातले असतील आणि अडचण फक्त बोलण्याची असेल, तर मी थांब म्हणेन. वाचायचा वेग वाढला, ऐकलेलं कळायला लागलं, असं तू लिहिलंस त्यावरून माझा कल तिकडेच आहे.

थांबायचं ठरवलंस तर मात्र मागच्यासारखं थांबू नकोस. सरांना भेट. ‘मला जमत नाही’ असं म्हणू नकोस, नेमकी मागणी कर: चर्चेचे प्रश्न आदल्या दिवशी मिळतील का, आणि चर्चा सगळ्या वर्गात सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं शेजारच्याशी बोलायला मिळतील का. एवढ्या दोन बदलांनी गप्प वर्ग बोलायला लागलेले मी पाहिले आहेत. हे वाचणाऱ्या शिक्षकांनीही करून बघावं, याला खर्च नाही की परवानगी लागत नाही. प्रश्न आधी मिळाला की घरी तीन वाक्यं तयार कर, तीनच, आणि वर्गात पहिल्या दोन-तीन बोलणाऱ्यांत बोल. चर्चा तापल्यावर शिरणं सगळ्यांनाच जड जातं, मातृभाषेतसुद्धा. विषय पुढे गेलाच तर ‘मला मघाच्या मुद्द्याकडे परत जायचं आहे’ हे वाक्य इंग्रजीत पाठ करून ठेव आणि बेधडक वापर. मनात वाक्य जुळेपर्यंत विषय निघून जातो, या तुझ्या दुखण्यावर माझ्या माहितीत याहून सोपं औषध नाही.

शब्दांसाठी एक आधार आहे. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये विद्यापीठीय वाचनात सतत भेटणाऱ्या ५७० शब्दकुळांची, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून बनलेल्या शब्दांच्या गटांची, यादी केली. विद्यापीठीय मजकुरातला जवळजवळ दहावा हिस्सा या शब्दांनी व्यापलेला असतो. ती यादी सहज मिळते. पाठ करत बसू नकोस, तुमच्या उताऱ्यांत त्यांतले शब्द अधोरेखित करत जा.

आणि मातृभाषा बाजूला ठेवू नकोस. विचार मराठीत कर, टिपणं अर्धी मराठीत काढ. एकच बातमी दोन भाषांत, जमल्यास दोन देशांच्या वर्तमानपत्रांत वाच आणि कोणी काय गाळलं ते बघ. असे कोर्स नकळत एक चुकीचा संस्कारही करतात: जे इंग्रजीत लिहिलं गेलं तेच जग. खुद्द संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा आहेत. तो मानवी हक्कांचा जाहीरनामा मराठीतही उपलब्ध आहे, मिळवून वाच. दोन्ही मजकूर शेजारी ठेवलेस की इंग्रजीतला एखादा शब्द आपल्याकडे बसत नाही, एखादा आपल्याकडे जास्त नेमका आहे, हे जाणवेल. परदेशी राहून आलेल्या मुलांना तुझ्याहून जास्त सराव मिळालेला आहे, हे मी नाकारत नाही. याशिमा यांनी लोरी झेनुक-निशिदे यांच्याबरोबर २००८ मध्ये केलेल्या अभ्यासातही वर्षभर परदेशी शिकून आलेली मुलं पुढे असल्याचं दिसलं. पण त्याच अभ्यासात वर्गाच्या आतच एक आंतरराष्ट्रीय समाज कल्पनेने उभा करता येतो, हाही विचार आहे. तुझ्या वर्गात तो उभा राहायचा तर तुझ्यासारख्यांना त्यात बोलावं लागेल.

शेवटी त्या मुलाकडे येते. त्याच्यावर राग धरू नकोस, त्याला प्रश्न विचार. ‘पर्यायच नसतो’ हे त्याला कशावरून वाटलं? ज्याने कर्ज काढून, एजंट शोधून, घरच्यांची समजूत घालून देश ओलांडला, त्याने काहीच निवडलं नाही असं म्हणता येईल का? हक्क माहीत नसणं आणि हक्क मागता न येणं यांत फरक नाही का? त्याच्या बोलण्यात थोडं तथ्यही असेल, ते मान्य कर. तुझ्या बाबांचा अनुभव म्हणजे सगळ्या कामगारांचा अनुभव नव्हे, हेही लक्षात ठेव. आणखी एक सुचवते. परदेशी नोकरी करणाऱ्या काहींना इंग्रजीत ‘एक्सपॅट’ म्हणतात आणि काहींना ‘मायग्रंट’. कुणाला कोणता शब्द लागतो याची पाच उदाहरणं बातम्यांतून काढ. तुझं पुढचं प्रेझेंटेशन त्यातच आहे.

त्याच्या जोडीला संयुक्त राष्ट्रांनी १८ डिसेंबर १९९० रोजी स्वीकारलेला स्थलांतरित कामगारांबद्दलचा करार वाच. तो २००३ मध्ये अमलात आला. कामगारांना मोठ्या संख्येने बोलावणाऱ्या बहुतेक श्रीमंत देशांनी त्याला अजून मान्यता दिलेली नाही. ती का दिली नसेल, हा वर्गात विचारायचा प्रश्न आहे. पण आधी त्याचं नाव पूर्ण वाच: सर्व स्थलांतरित कामगार ‘आणि त्यांचे कुटुंबीय’ यांच्या हक्कांच्या संरक्षणासाठीचा आंतरराष्ट्रीय करार. यातल्या कुटुंबीयांत तूही येतेस.

या पंधरा दिवसांत एक परिच्छेद लिही, आधी मराठीत, मग इंग्रजीत. विषय बाबांची अकरा वर्षं. सगळं नको, एकच गोष्ट: एखादं पत्र, एखादा फोन, परत आल्याचा पहिला दिवस. इंग्रजीत चुका होतील, होऊ देत, त्या सरांना दुरुस्त करायला सांग. लिहिण्याआधी बाबांजवळ बस आणि त्या वर्षांबद्दल त्यांना विचार. वर्गात यातलं काय सांगितलेलं त्यांना चालेल आणि काय घरातच ठेवायचं, हेही त्यांनाच ठरवू दे.